थरथर पिणारं ग्रीस

"रायरे, तुम्ही कॅमेरे दुरुस्त करता ना?" असं कोणी विचारलं की मी म्हणतो, नाही, मी कॅमेऱ्याखालचं दुरुस्त करतो. विचारणारा मग नकळत खाली बघतो. खाली माझी चप्पल असते.

चिकपेटेत साड्यांच्या एका ठोक दुकानाच्या डोक्यावर, लाकडी जिना चढून गेलं की माझी खोली होती. अलीकडे गुडघ्यांनी त्या जिन्याशी भांडण काढलं, म्हणून खोली सोडली आणि घराच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. आमचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर इकडे कन्नड मुलखात आलं आणि इथलंच होऊन गेलं. इथले लोक आमच्यासारख्या मराठी घरांतल्या माणसांना राव म्हणून ओळखतात आणि आदराने 'रायरे' अशी हाक मारतात. आमचं घरचं मराठी पुण्याच्या माणसाला ऐकवलं तर तो आधी हसतो आणि मग हे कुठलं म्हणून विचारतो. त्यामुळे इथल्या मराठी मंडळाच्या संपादकबाईंनी दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी बजावलं, भाषा तुम्ही सांभाळा. त्या म्हणाल्या, "चालेल काका, फक्त टेक्निकल नको." टेक्निकल काढून टाकलं तर माझ्या कामात नुसती गिऱ्हाइकं उरतात. पण थोडं सांगितल्याशिवाय ती गिऱ्हाइकंही कळायची नाहीत, तेव्हा एवढं सोसून घ्या.

ट्रायपॉडचे तीन पाय सगळ्यांना माहीत असतात. पायांच्या वर आणि कॅमेऱ्याच्या खाली जो धातूचा ठोकळा बसतो, त्याला हेड म्हणतात. त्याला मागे एक लांब हँडल असतं. ते धरून कॅमेरा डावीउजवीकडे वळवला तर तो पॅन, वरखाली केला तर टिल्ट. फोटोच्या साध्या हेडात धातूवर धातू घासतो आणि फोटोला ते चालतं, कारण फोटो काढताना काहीच हलायचं नसतं. व्हिडिओत हलवायचं तर असतं, पण बघणाऱ्याला हिसका जाणवू द्यायचा नसतो. म्हणून व्हिडिओच्या हेडात एकावर एक चकत्या असतात आणि त्यांच्या मधे जाड, चिकट ग्रीस. मधाच्या बाटलीत चमचा फिरवून बघा. हळू फिरवला तर मुकाट फिरतो, घाई केली तर मध अडवतो. ग्रीसचंही तेच आहे. माझं घर या एका गोष्टीवर चाललं.

हे ग्रीस म्हणजे तेल नव्हे, हे लोकांना सांगून माझा घसा बसला. नागराज नावाचा लग्नाचा व्हिडिओवाला एकदा हेड घेऊन आला. टेबलावर ठेवलं आणि खोलीभर खोबरेल तेलाचा वास सुटला. हेड जड फिरतं म्हणून त्याने बायकोच्या केसांच्या तेलाची बाटली त्यात रिकामी केली होती. हेड हलकं झालं, इतकं की नवऱ्यामुलाच्या चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा हात काढताच आपोआप मांडवाच्या छताकडे बघू लागला. मंगळसूत्र बांधलं तेव्हाचं सगळं चित्र छताच्या झुंबराचं. मी विचारलं, "मुलीकडचे काय म्हणाले?" तो म्हणाला, "झुंबर छान आलंय म्हणाले, रायरे. ते त्यांनीच भाड्याने आणलं होतं." तेल धुऊन काढायला मला फार वेळ लागला. वास मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

हेड दुरुस्त करण्याइतकंच ते निवडून देणं कठीण. लोकांना वाटतं, जितकं मोठं तितकं चांगलं. पण हेडच्या आत एक स्प्रिंग असते, कॅमेरा पुढे झुकला की त्याला मागून तोलून धरणारी. ती कॅमेऱ्याच्या वजनाला बेतलेली लागते. हलक्या कॅमेऱ्याला जाड स्प्रिंग दिली तर कॅमेरा खाली बघायलाच तयार होत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचो, कॅमेरा किती जड आहे? दुसरा, हलणार काय आहे? एचएसआर लेआउटमधून एक मुलगी आली होती, मूळची नाशिकची, योगासनांचे व्हिडिओ काढणारी. मी मराठी बोललो तशी तिचा चेहरा फुलला. "अय्या काका, तुम्ही मराठी! पण किती क्यूट मराठी आहे तुमचं!" तिला सगळ्यात भारी हेड हवं होतं. मी विचारलं, आसनं करताना कॅमेरा कोण वळवतं? म्हणाली, कोणी नाही, मी एकटीच असते. मी म्हटलं, मग तुझ्या कॅमेऱ्याला हेड नको, बाळ, एक स्टूल बास आहे. ती हसत सुटली. "काका, असा धंदा करता तुम्ही?" पुढे तिने तिच्या ओळखीचे बरेच जण पाठवले, आणि त्यांतल्या निम्म्यांना मी स्टूलच सांगितलं.

आता मोटारीवर चालणारी यंत्रं आली आहेत. माणूस धावत सुटला तरी चित्र स्थिर. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण हेड घेऊन येणारी माणसं कमी होत गेली, आणि जी येत राहिली त्यांच्याशी नातं जडत गेलं. शिवण्णा त्यांपैकी. हा लेख मी मुळात त्यांच्यासाठीच लिहायला घेतला.

शिवण्णा माझ्याहून थोडे मोठे, बेळ्ळंदूरचे. रिंग रोड आणि काचेच्या इमारती यायच्या आधीचं ते बेळ्ळंदूर. त्यांचे वडील तिथल्या तळ्यात मासे धरायचे. शिवण्णा कॅमेऱ्याकडे वळले. लग्नं केली, शाळांचे कार्यक्रम केले, काही वर्षं बातम्याही केल्या. त्यांचा पॅन बघून इतर कॅमेरामन गप्प बसायचे असं मी ऐकून होतो. ऐकूनच, कारण आयुष्यभर मी हेडं बघितली, त्यांच्यावर काढलेली चित्रं फार थोडी पाहिली. याचं आता वाईट वाटतं. आमचं बोलणं कन्नडमधून व्हायचं. इथे ते मराठीत लिहितो, एखादा शब्द तसाच राहिला तर राहू द्या.

आपल्याकडे जी खंडेनवमी, तिला इथे आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी रिक्षापासून शिलाई मशीनपर्यंत प्रत्येक हत्याराला कुंकू, लिंबू, झेंडू. कॅमेरामन तर फार भाविक. पूजेच्या आधी सगळ्यांची हेडं माझ्याकडे स्वच्छ व्हायला यायची आणि पूजेनंतर पुन्हा यायची, फटीत गेलेलं कुंकू आणि अक्षता काढायला. शिवण्णा फक्त हँडलला एक फूल बांधायचे. आणि पूजा झाली की वर्षाचं पहिलं चित्र काढायला तळ्याच्या बांधावर जायचे. चित्र नेहमीचंच. एका टोकाला नारळी आणि गावचं देऊळ, तिथून सुरू करून सगळं तळं ओलांडत दुसऱ्या टोकापर्यंत एकच संथ पॅन, मनात एक श्लोक म्हणून होईपर्यंतचा. कोणी सांगितलेलं काम नव्हे. कॅमेरा हातात आल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी गणपती झाल्यावर ते हेड घेऊन आले. "रायरे, अडखळतंय."

मी उघडलं, धुतलं, नवं ग्रीस भरलं. ते घेऊन गेले आणि काही दिवसांनी परत आले. "अजून अडखळतंय. स्वल्प नीट बघा ना."

मी त्यांच्यासमोरच कॅमेरा चढवला, झूम पूर्ण लांबवली, समोरच्या इमारतीच्या कठड्यावर रोखली आणि पॅन केला. कठडा लोण्यासारखा सरकला. "आता तुम्ही करा," म्हटलं. त्यांनी हँडल धरलं आणि पडद्यावरचा कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत थरथरत गेला.

हेडचा दोष जागा धरून असतो. चकतीला चरा पडला असेल तर दर वेळी त्याच ठिकाणी अडखळणार, बाकी ठिकाणी नाही. हे सगळीकडे सारखं हलत होतं. मी हाताकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, आणि धीरही नव्हता. आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाईक हेडला दोष देतं आणि आम्ही तो हेडवर घेतो. तुमचा हात वाईट आहे असं कॅमेरामनला कोणी म्हणत नाही. मी म्हणालो, "ठेवून जा. बेअरिंग बघतो."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायको, जयक्का, एकट्याच आल्या. जिना चढून दम लागला होता तरी बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"बेअरिंग बरं आहे ना, रायरे?"

मी हातातलं बेअरिंग टेबलावर ठेवलं.

"डॉक्टर कंपवात म्हणालेत. गोळ्या चालू आहेत. घरात माझ्यासमोर कॉफीचा लोटा उचलत नाहीत. मी आत गेले की पितात, मग सांडलेलं पुसून ठेवतात. तुमच्याकडे का आले, ठाऊक आहे? तुम्ही सांगणार नाही, म्हणून."

"अक्का, मोटारीवर फिरणारं हेड मिळतं आता. बटण दाबलं की झालं."

"मोटार फिरवणार, तर हे काय करणार?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "त्यांनी ठरवलंय. यंदा तळ्याचा पॅन स्वच्छ आला नाही, तर कॅमेरा काढून टाकायचा. एकदा कॅमेरा गेला की ते खुर्चीतून उठायचे नाहीत. मला त्यांची थरथर चालते, रायरे. ती खुर्ची नाही चालणार. काहीतरी करा."

मी इतकं मन लावून क्वचितच काम केलं असेल. थरथर ही फार जलद गोष्ट असते आणि पॅन संथ. ग्रीस पुरेसं जाड असेल तर ते जलद ते पिऊन टाकतं आणि संथ तेवढं पुढे जाऊ देतं. स्टुडिओच्या अवजड हेडांत भरतात ते ग्रीस माझ्याकडे एका डबीत शिल्लक होतं. ते भरलं. हँडल लांब केलं. आणि शेवटी एक जुनी युक्ती केली. हँडलच्या टोकाला रबरबँड अडकवलं. हँडल हाताने धरायचंच नाही, रबर बोटात घालून ओढायचं. बोट कितीही थरथरलं तरी ते रबरातच जिरतं, हेडपर्यंत फक्त ओढ पोचते. स्वतःचा हात मुद्दाम थरथरवून मी कठड्यावर पॅन केला. कठडा लोण्यासारखा सरकला. खोलीत कोणी नव्हतं, तरी मी मोठ्याने "वा!" म्हणालो.

शिवण्णांनी हेड नेताना ते रबरबँड बराच वेळ न्याहाळलं.

"बेअरिंग?" त्यांनी विचारलं.

"बेअरिंगही बघितलं."

"सरी," ते म्हणाले. सरी म्हणजे ठीक आहे. मग निघता निघता म्हणाले, "पूजेच्या दिवशी तळ्यावर या. हेड तुम्ही नवं केलंय. तुम्ही असलेलं बरं."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच बोलावलं होतं.

नवमीला सकाळी मी रिक्षाने गेलो. सुट्टी असल्यामुळे रिंग रोड चक्क मोकळा होता. बांधावर कानात इअरफोन घातलेली माणसं फेऱ्या मारत होती. पाण्यावर जलपर्णी पसरली होती आणि वासाची एक झुळूक येत-जात होती. जयक्कांनी हँडलला शेवंतीचं फूल बांधलं. शिवण्णांनी ट्रायपॉड लावला, पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणला, देवळाच्या कळसावर कॅमेरा रोखला आणि बोटात रबर घातलं. ओठ हलू लागले.

रबर ताणलं गेलं आणि कॅमेरा निघाला. मी मागून पडद्याकडे बघत होतो. नारळी सरकल्या, पाणी सरकलं, पलीकडचा काठ, मग त्या काचेच्या इमारती, एकामागून एक. कुठे एक दचका नाही. श्लोक संपला आणि पॅन संपला. जयक्कांनी पदराने चेहरा पुसला. मलाही भरून आलं. मनात म्हटलं, जिंकलो.

शिवण्णांनी चित्र मागे नेऊन पुन्हा बघितलं. मग तिसऱ्यांदा बघितलं.

"छान आलंय," ते म्हणाले. "पण हे मी काढलेलं नाही."

"म्हणजे काय?" जयक्का म्हणाल्या. "स्वच्छ आलंय की! तुम्हीच म्हणाला होता, स्वच्छ आलं तर कॅमेरा ठेवीन."

शिवण्णांनी खिशातून मोबाईल काढला. आधीच्या वर्षांचे पॅन त्यात भरलेले होते. ते एकेक लावत गेले. जुन्या चित्रांत पॅन मोकळ्या आभाळावर संपत होता. मग तिथे एक इमारत आली, मग तीन, मग आभाळ दिसेना. आणि प्रत्येक चित्रात, तळं अर्धं ओलांडून गेल्यावर पलीकडच्या काठावर एक जागा यायची, तिथे कॅमेरा किंचित हळू व्हायचा. थांबायचा नाही. दारातून जाताना आत कोणी झोपलंय का बघावं, तितपत रेंगाळायचा आणि पुढे जायचा. आता त्या ठिकाणी तारेचं कुंपण आहे.

"बाबा तिथे जाळं वाळत टाकायचे," शिवण्णा म्हणाले.

"मुद्दाम हळू करता?" मी विचारलं.

"नाही हो. हात आपला आपणच हळू होतो. मला ठाऊकही नव्हतं. हिने दाखवून दिलं एकदा." त्यांनी आजचं चित्र पुन्हा त्या जागेपर्यंत आणलं. ती जागा इतर काठासारखीच सरकून गेली. "आजही हात तिथे हळू झाला, रायरे. मला बोटात कळलं. पण तो तुमच्या रबरातच राहिला."

थरथर अडवायला मी जे केलं होतं, त्याने ते रेंगाळणंही अडवलं होतं. हातातलं नको तेवढंच अडवेल असं ग्रीस नसतं. इतकी वर्षं मी हेडांतून हिसका काढत आलो, आणि माणसाच्या हातात आणखी काय काय असतं हे मला त्या बांधावर, गुडघे दुखायला लागल्यावर कळत होतं.

शिवण्णांनी बोटातलं रबर काढलं आणि हँडलवरूनही काढून माझ्या हातात दिलं.

"दोष हेडात नव्हता," ते म्हणाले. "तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"हो."

"मलाही." मग जयक्कांकडे वळून म्हणाले, "आणि तुला माझ्याही आधी."

जयक्कांनी कॅमेऱ्याच्या बॅगेचा पट्टा घट्ट धरून ठेवला होता, जणू कोणी ती आत्ताच न्यायला येणार आहे.

शिवण्णांनी हेडच्या बाहेरची, ग्रीसची अडवणूक कमीजास्त करणारी कळ फिरवून ती जितकी कमी होईल तितकी केली, कॅमेरा पुन्हा कळसावर नेला आणि हँडल मुठीत धरलं. हात लपवायचा त्यांनी कसलाच प्रयत्न केला नाही. ओठ हलू लागले. कळस थरथरत होता, नारळी थरथरत होत्या. फेऱ्या मारणारा एक तरुण थांबला, पडद्याकडे बघून काहीतरी सुचवायला पुढे आला. जयक्कांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चालू लागला. पाणी थरथरत सरकलं. तळं अर्धं झालं, कुंपण आलं, आणि तिथे हात हळू झाला. हळू झाल्यावर थरथर उलट जास्तच दिसली. कुंपणाच्या तारा एकाच्या दोन दिसत होत्या. मग तो पुढे निघाला आणि काचेच्या इमारती हलत हलत शेवटपर्यंत गेल्या.

त्यांनी ते चित्र पूर्ण बघितलं. माझ्या धंद्याच्या हिशेबाने ते टाकून द्यायचं चित्र होतं. मी आणि जयक्का त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"सरी," ते म्हणाले. पहिलं, स्वच्छ आलेलं चित्र त्यांनी पुसून टाकलं. मग हेडवर थाप मारली. "हे फार जड झालंय, रायरे. पुढच्या पूजेआधी पातळ ग्रीस भरून द्या."

"पुढच्या पूजेआधी?" जयक्कांनी विचारलं.

"मग काय, पूजेनंतर? तेव्हा यांना सवड कुठे असते?"

जयक्कांनी बॅगेचा पट्टा सोडला आणि खाली वाकून ट्रायपॉडचे पाय मिटायला घेतले. पण खटका काही केल्या बसेना. शिवण्णा शेजारी वाकले, आपला हात त्यांच्या हातावर ठेवला, आणि दोघांनी मिळून तो बसवला.